कोरडी मोरी

१

सकाळचा नळ गेला की आमच्या घरात सहाण निघायची. हंडे-कळशा भरून झाकलेल्या, स्टोव्ह विझवलेला, आणि आत्या दारातल्या उजेडात पाय पसरून बसलेल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कौसाबाई. त्यांच्यापुढे गुटीचा डबा. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, खारीक. एकेक उचलायचं, सहाणेवर एखाद-दुसरा वेढा द्यायचा, बाजूला ठेवायचं. त्यात माझं दूध. मग ती बोटभर गुटी जिजाच्या जिभेवर.

घर अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूच्या चाळीत. दोन खोल्या, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी. जिजा माझी दुसरी. पहिला मुलगा एका दुपारी दूध ओढता ओढता थांबला, तो थांबलाच. त्यामुळे जिजा झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरायची. ऊब लागली की मग पुढचं काम. शेजारच्या वेणूबाई हसायच्या. "अगं कुमुदिनी, सारखी बोटं लावून झिजवशील पोरीला."

मला हसू यायचं नाही. जिजा सात महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती. उचलली की डोकं मागे कलंडायचं. पाय नुसत्या काड्या. दवाखान्यातून कॅल्शियमची बाटली आणली होती. आत्या म्हणायच्या, "बाटलीनं कुठं हाडं धरतात?" त्या पानाच्या डब्यातल्या चुन्याची निवळी काढायच्या आणि थेंबभर पाजायच्या. आमच्यात सगळ्याच मुलांना पाजतात. चुन्यानं हाडाला बळ येतं.

मला एवढंच हवं होतं. हिनं मान धरावी आणि हिनं राहावं.

२

आमचे हे वायरमन. उल्हासनगरला कॅम्पातल्या एका शेठच्या हाताखाली. त्या वर्षी शेठला लांबचं काम मिळालं होतं. तिकडे मध्य प्रदेशात, बस्तरच्या बाजूला, सरकारनं राखलेलं मोठं जंगल आहे, नॅशनल पार्क. तिथल्या एका गुहेत बघायला येणाऱ्या लोकांसाठी दिवे लावायचे. पावसात गुहा भरते, म्हणून पाऊस सरल्यावर गेलेले हे दिवाळी उलटून आले. दाढी वाढलेली, डोळे मात्र लहान मुलासारखे चमकत होते. जेवता जेवता सांगत सुटले.

"आपला डोंगर कसा, पाणी अंगावरून सोडून देतो. काळा कातळ. तिथला डोंगर पाणी पितो."

"पितो म्हणजे?"

"पितो म्हणजे पितो. वर एक ओहोळ नाही दिसायचा तुला. नदी चालता चालता एका भोकात खाली जाते आणि दोन गावं सोडून पलीकडे वर येते. मधल्या वाटेत कुठं असते, कोणाला ठाऊक नाही. जंगलात चालताना एकदम खड्डा लागतो, एवढा मोठा, की त्याच्यातल्या झाडांचे शेंडे आपल्या पायाशी. जमीनच खाली बसलेली. खाली सगळं पोकळ आहे गं."

गुहेचं तोंड एवढंसं, पोटावर सरपटत जायचं. आत मात्र टॉकीजएवढं दालन. छताला दगड लोंबतात, गाईच्या सडांसारखे. प्रत्येकाच्या टोकाला एक थेंब. थेंब पडताना जरासा दगड मागे ठेवून जातो, खालीही जरासा ठेवतो. असं करत वरचा खाली येतो, खालचा वर जातो, आणि कधीतरी दोघं भेटतात. तळ्यात मासे आहेत, पांढरे. डोळेच नाहीत त्यांना.

"डोळे का नाहीत?"

"बघायला काही नाही म्हणून."

मी सातवीपर्यंत शिकले. भूगोलात खडकांचे प्रकार होते. बाईंनी वर्गात आपला काळा दगड दाखवला होता, आगीतून झालेला. पांढऱ्या दगडाचं नुसतं चित्र होतं. ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ते चित्र माझ्या हातावर ठेवलं. बोटाएवढा तुकडा, दुधाच्या रंगाचा, टोकाला गोल. उजेडासमोर धरला तर आत कडी कडी दिसायची. कोरडा होता, पण हाताला ओल लागल्यासारखं वाटायचं.

"क्लॅम्प ठोकताना निखळला. तिथला वाटाड्या म्हणाला, ठेव तिथंच. मी म्हटलं, एवढ्याशा तुकड्यानं काय तुमचा डोंगर कमी होतो? चुनाच आहे नुसता. अख्खा डोंगर चुन्याचा."

दारातून आत्या म्हणाल्या, "चुना?"

त्यांनी तो तुकडा घेतला, नखानं खरवडला, जिभेला लावला. "बघ कसा निर्मळ आहे. पानवाल्याकडच्यासारखी भेसळ नाही."

दुसऱ्या दिवशी तो गुटीच्या डब्यात होता. वेखंडाच्या शेजारी.

३

आणि जिजानं मान धरली.

संक्रांतीच्या आत धरली. मग बसायला लागली, एकदम ताठ, उशीचा टेकू न घेता. पाय भरले. दात आले ते दोन-दोन करून नाही, एकदमच. चाळीतल्या बायका बघायला यायच्या. आत्या ऐटीत सांगायच्या, "डोंगरचा चुना आहे. साधासुधा नाही." मी शंकराला नारळ फोडला. त्या दिवसांत मी सुखात होते, हे मला लिहून ठेवायचं आहे.

जिजाला न्हाऊ घालायला भिकी यायची. बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या वाटेवर डोंगराखाली तिची ठाकरवाडी. मोरीत पाटावर बसून पाय लांब सोडायची, पायांवर जिजा पालथी, आणि एकामागून एक तांबे ओतायची. तोंड चालूच. "कशी गं बाय तू, नवरा आणायचाय का तुला? आं? एवढी टणक कशाला झालीस?"

एक दिवस तिचं तोंड मधेच थांबलं. मी टॉवेल घेऊन उभी होते.

"काय झालं?"

"पानी कुठं गेलं?"

"जातंय की भोकातून."

"जात नाय," भिकी म्हणाली. "बघ तू."

तिनं एक तांबा जिजाच्या पाठीवर ओतला. पाणी पाठीवर पडलं, पसरलेलं दिसलं, आणि मग नव्हतं. मोरीच्या भोकाशी साबणाचा फेस तसाच बसलेला.

"फरशी फुटली असेल," मी म्हटलं. "खाली मुरत असेल."

"माझी मांडी कोरडी हाय गं," भिकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतर एकदा बाजारात दिसली, करवंदांच्या पाट्या नव्हत्या अजून, लाकडाची मोळी घेऊन बसलेली. मी रागावले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "आमच्या डोंगरात पानी मुरतं, ते खाली झऱ्याला निघतं. तुझ्या पोरीचं निघतं का?"

मी घरी येऊन दोरीकडे बघितलं. पूर्वी दोरी लंगोटांनी भरलेली असायची. आता दोन होते. तेही कालचे.

४

मी स्वतःला समजावत होते. थंडीत मुलांच्या अंगात पाणी राहतं. जड लागते ती अंग धरलं म्हणून. गार लागते ती फरशीवर बसते म्हणून. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. उत्तरं जास्त झाली होती, एवढंच.

एका सकाळी टाळूवर तेल घालायला बसले. टाळू सगळ्या लेकरांची मऊ असते, आत काळीज उडतं ते तिथं दिसतं. पहिला गेला तेव्हा मी आधी तिथंच बघितलं होतं. जिजाच्या टाळूवर मी बोट ठेवलं आणि बोट थांबलं. खाली पाटा असावा तसं. उडत काहीच नव्हतं. तेल तसंच वर उभं राहिलं. मग हळूहळू आत गेलं.

दवाखान्यात नेली. नर्सनं काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "वजन बरोबर आहे की." काटा खरंच बरोबर होता. उचलताना मात्र नर्सच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि ती स्वतःच काट्याकडे परत बघत राहिली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. सरकवली. पाठीला लावली. कानातून काढून झटकली आणि पुन्हा लावली. बराच वेळ ऐकत होते, जसं कोणी लांबचं बोलणं ऐकावं.

"काय आहे साहेब?"

"नळी खराब झालीय बहुतेक." त्यांनी ती टेबलावर ठेवली, जरा लांबच. "मुलगी चांगली आहे हो तुमची. मान धरली, दात आले, अजून काय पाहिजे?"

त्या दुपारी जिजा झोपली तेव्हा मी नाकाखाली बोट धरलं. वारा होता, पण गार होता, आणि त्याला वास होता, बंद घर उघडल्यावर येतो तसा. मी तिच्या छातीला कान लावला.

विहिरीत वाकल्यावर कानांना जसं वाटतं तसं झालं. आत जागा होती. माझ्या जिजाच्या एवढ्याशा छातीत खूप मोठी जागा होती. तिचं काळीज वाजत होतं, पण लांब, भिंतीपलीकडे. मग टप्. मग कितीतरी वेळ काही नाही. मग टप्.

५

ह्यांना मी काही सांगितलं नाही. सांगणार काय? आधीच चाळीत मला भित्री म्हणत.

रविवारी जेवून हे वाकळीवर पडले होते. जिजा त्यांच्या अंगावर पालथी. हे तिला गुहेच्याच गोष्टी सांगत होते, तिला काय कळतंय. मधे कुशीवर वळायला गेले आणि कान तिच्या पाठीला लागला. बोलणं बंद झालं. मी भांडी घासत होते, मला वाटलं झोप लागली. बघते तर डोळे उघडे, छताकडे लागलेले.

"हा आवाज," हे म्हणाले.

"कसला?" मी मुद्दाम विचारलं.

"शेवटच्या दालनाचा. तिथं लोकांना नेत नाहीत. आम्हालाही एकदाच नेलं." जिजाला त्यांनी अगदी सावकाश खाली ठेवलं, भरलेला हंडा ठेवावा तशी. "तो दगड कुठंय?"

आत्यांनी डबा उघडून दिला. दगड निम्मा झाला होता. एक बाजू सपाट, हळकुंड झिजतं तशी.

"एवढाच राहिला?"

"वाया नाही घालवला," आत्या म्हणाल्या. "पोरीच्या अंगी लागला."

ह्यांनी तो तुकडा रुमालात बांधला. गुहेतलं थोडं काम राहिलं होतं, शेठ महाशिवरात्रीनंतर माणसं पाठवणार होता. हे आधीच निघाले. बदलापूरचा हरिचंद्र, त्यांचा जोडीदार, त्याला सोबत घेतलं. निघताना चपला घालत म्हणाले, "जिथला तिथं लावून येतो."

"आणि झिजला तेवढा?"

चपलेचा अंगठा त्यांनी परत काढला, परत घातला. जिजा दारात ताठ बसली होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले.

६

महाशिवरात्रीला शिवमंदिरात मुंगीला वाट नसते. मी तरी गेले, उपाशी, बेलाची पुडी मुठीत धरून. जिजाला आत्यांकडे ठेवलं. रांग पुढे सरकत सरकत गाभाऱ्याशी आली. आमच्या देवळाचा गाभारा वर नाही, खाली आहे. पायऱ्या उतरत जावं लागतं. उतरताना बाहेरची जत्रा वर राहिली, पिपाण्या, पोलिसांच्या शिट्ट्या, सगळं. खाली अंधार, गारवा, काळा दगड सगळीकडून. पिंडीवर अभिषेकाचं भांडं टांगलेलं.

टप्.

मला एकदम हलकं वाटलं. हाच तो आवाज. बंद जागेत पाणी ठिबकलं की असंच वाजणार. जिजाच्या छातीत कफ असेल, दूध असेल, काहीही असेल. इतके दिवस मी उगाच जीव जाळला. पिंडीला हात लावून म्हटलं, "दोघं सुखरूप राहू देत." येताना जिजाला खुळखुळा घेतला.

घरात पाऊल टाकलं तर उटण्याचा वास. हळद, डाळीचं पीठ, शेगडीवर वेखंड-ओव्याची धुरी. जिजा गुंडाळून ठेवलेली, गाढ झोपलेली. गाल लाल. हात लावला तर गरम. कितीतरी दिवसांनी गरम.

"सणाचा दिवस," आत्या म्हणाल्या. "दोन दिवस न्हाली नव्हती पोर. आज चांगली न्हाऊ घातली. अख्खा बंब ओतला. हूं की चूं केलं नाही बाई, अजून दे म्हणाल्यासारखी बघत होती."

मी आतल्या खोलीत गेले. बंब रिकामा. बादली रिकामी. पाट मोरीत उभा करून ठेवलेला. मी वाकून फरशीला हात लावला.

"आज मोरी लवकर सुकली," आत्या बाहेरून म्हणाल्या. "ऊन वाढलं."

मोरी सुकली नव्हती. ओलीच झाली नव्हती. भोकाशी जळमट होतं ते तसंच.

मी जिजाला कान लावला. टप् नव्हतं. डोंगरात पाऊस झाला की ओढ्याला पाणी येतं, ते यायच्या आधी लांबून ऐकू येतं ना, तसं होतं. बराच वेळ तसं होतं.

७

हरिचंद्र आला तो उंबऱ्यावरच बसला. आत ये म्हटलं तरी येईना. पायांत चपला नव्हत्या.

"आनंदा कुठंय?" आत्यांनी विचारलं.

"मावशी, तो आत गेला होता." त्यानं पाणी मागितलं, तांब्या हातात घेतला, आत बघितलं आणि न पिताच खाली ठेवला. "एकटाच गेला. मला म्हणाला तू तोंडाशी थांब, केबल सोड. मी म्हटलं शिवरात्र आहे, आजचा दिवस राहू दे. तो म्हणाला, दगड चिकटतो का बघून येतो. मी हसलो. म्हटलं, फेव्हिकॉल नेलंयस का?"

त्यानं तांब्या बाजूला सरकवला.

"आभाळात ढग नव्हता, वहिनी. नदी आटलेली. आणि आतून पाणी आलं. खालून वर आलं. केबल माझ्या हातातून ओढली गेली. मी हाका मारल्या. त्यानं ओ दिली एकदा. मग पाणी तोंडापर्यंत आलं आणि माझ्या पायावर आलं."

"मग?"

"गरम होतं." तो माझ्याकडे बघून नाही, जिजाकडे बघून बोलत होता. "वाफ येत होती. तिथली जंगलखात्याची माणसं म्हणाली, असं कधी झालं नाही. आणि वास... आमच्या घरी बाळंतीण होती तेव्हा यायचा तसा. हळदीचा. पिठाचा. जंगलात कुठून येणार सांगा?"

दोन दिवसांनी पाणी उतरलं म्हणे. कंदील घेऊन सगळीकडे शोधलं. माणूस नाही, कपडा नाही. एका लोंबत्या दगडाला एक तुकडा चिकटलेला होता, नवा. पण दोन टोकं नीट भिडली नव्हती. मधे एवढं कमी पडत होतं. त्यानं बोटं धरून दाखवलं.

आत्या ओरडल्या. मी ओरडले नाही. मी त्याच्या दोन बोटांमधल्या जागेकडे बघत होते. ती जागा माझ्या मांडीवर बसली होती, खुळखुळा चोखत.

८

गावाकडून माणसं आली. अंग सापडलं नाही तरी करायचं ते करावं लागतं, म्हणाली. बायकांनी मला मधे बसवलं. एकीनं माझा हात धरला, बांगड्यांसाठी. जिजा माझ्या खांद्यावर पेंगत होती, तोंड उघडं, माझ्या कानाशी.

"कुमे."

लांबून. खूप लांबून, आणि मग तेच भिंतींवर आपटत, कुमे, कुमे. मला तसं कोणी म्हणत नाही. एकटे हेच म्हणतात, तेही घरात कोणी नसताना.

मी हात ओढून घेतला. "ते आहेत," मी म्हटलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. डोक्यावर परिणाम झाला, कोणीतरी म्हणालं. आत्या कोपऱ्यात होत्या. त्या उठल्या, त्या बाईला बाजूला केलं. "राहू दे तिच्या बांगड्या. माझ्या लेकाचं तोंड मी बघितलं नाही. मेला कशावरून?"

त्यानंतर रोज दुपारी मी जिजाला घेऊन आतल्या खोलीत बसायची. चाळ पेंगलेली असायची. कान लावला की आधी टप्, मग कधी कधी "कुमे". दुसरं काही नाही. कधी खोकला. दिवाळीत फटाक्यांच्या धुरानं हे जसे खोकायचे तसाच, कोरडा. मला वाटायचं, माणसाला आठवण आली की आवाज ऐकू येतात, आत्यांनाही येत असतील. मी आत्यांना एकदा सांगितलं, लावा कान. त्यांनी लावला. बराच वेळ लावला. मग पदरानं जिजाचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मला ऐकू कमी येतं." दुसऱ्या दिवसापासून त्या जिजाला मांडीवर घेईनात, आणि गुटीचा डबा वालधुनी नदीत टाकून आल्या.

एका शुक्रवारी लाईट गेली होती. पंखा थांबलेला, पत्रा तापलेला. जिजानं झोपेत मोठी जांभई दिली. मी तिच्या तोंडावर वाकलेलीच होते.

आत खाली, जिथं घसा संपायला हवा तिथं तो संपत नव्हता. आणि अगदी खाली एक पिवळा ठिपका होता. तो हलला. वर झाला, कोणीतरी हात उंच करून वर बघावं तसा.

जिजानं तोंड मिटलं.

पत्र्याला भोक आहे. त्यातून उन्हाचा कवडसा पडतो. तोच असेल, असं मी ठरवलं.

९

तिला मी न्हाऊ घालायचं बंद केलं होतं. कोरड्या फडक्यानं पुसायची. वरचं पाणीही बंद. अंगावरचं दूध तेवढं, कारण ते तोडवेना. वेणूबाई म्हणायच्या, "पोर वास मारतेय गं, काय आईबिई आहेस का?" मी ऐकून घ्यायची. बंबभर पाण्यानं काय झालं ते मला ठाऊक होतं. आतलं पाणी उतरलं होतं आणि आमचे हे कुठंतरी वरच्या कडेला जीव धरून होते. मी एक तांबा ओतला तर?

वैशाख लागला. माझं दूध आटलं. जिजाचे ओठ फुटले, त्यातून रक्त नाही आलं, पांढरी पूड आली. डोळे खोल गेले. रात्रंदिवस ती माठाकडे तोंड करून बसायची. रडायची नाही. आणि मग तिनं पहिला शब्द काढला. आई म्हणाली नाही. आत्या म्हणाली नाही.

"पानी."

मी ओलं फडकं ओठांना लावलं. तिनं फडकंच ओढून चावलं.

"पानी."

आत्या माठाजवळ आल्या, मी आडवी झाले. "अगं, मारशील तिला!" आत्या रडत होत्या. "एक गेला, आता हिला मारशील?" मी म्हटलं, "आणि तुमचा लेक?" त्या तशाच उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या, भिंतीकडे तोंड करून.

जिजाला मी आतल्या खोलीत नेलं. नाकाखाली बोट धरलं. वारा नुसता लागतोय न लागतोय असा होता. पहिल्याच्या वेळी असाच होता. मी कान लावला. टप्सुद्धा नव्हतं, सगळं आटलं होतं. आम्ही तिघंही थांबून होतो.

मग "कुमे."

ह्यांचं नाव मी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. जिजाच्या तोंडाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "आनंदा."

ते नाव खाली गेलं. भिंतींना लागत लागत गेलं. परत यायला वेळ लागला.

"दे तिला," आवाज म्हणाला.

मी तो ऐकला. तो खरंच तसा आला, की मला जे ऐकायचं होतं ते माझ्याच कानानं बोलून दाखवलं, हे मला आजही सांगता येत नाही. मी परत हाक मारली नाही. दुसरं काही उत्तर आलं असतं तर?

मी उठून माठातून तांब्या भरला. जिजानं तो दोन्ही हातांनी धरला. घटाघटा प्याली, श्वास न घेता. मी दुसरा भरला. तिच्या गळ्याखाली पाणी जाताना दिसत होतं. मी माझे कान हातांनी घट्ट दाबून धरले होते, त्यामुळे तांब्या तिचा तिलाच सांभाळावा लागला.

१०

जिजा आता पहिलीत आहे. चाळीतल्या मुलींत ती सगळ्यात उंच. दात पांढरेशुभ्र. वर्गात बाई म्हणतात, हुशार आहे, फक्त फार पाणी पिते. पिऊ दे, मी म्हणते.

मी कुंकू लावते. आत्या असेपर्यंत कोणी काही बोललं नाही, आता माघारी बोलतात. सणाला मी दारात पाट ठेवते, ताट वाढते, मग ते आम्ही दोघी खातो.

तिच्या छातीला मी कान लावत नाही. त्या दिवसापासून एकदाही नाही. कुशीत घेते तेव्हासुद्धा डोकं वर धरते, मान अवघडली तरी. तिथं काही नसेल तर ते मला कळायला नको. आणि असेल तरी नको.

परवा दुपारी शाळेतून आली, माठातून पाणी प्याली आणि माझ्याजवळ आडवी झाली. मी तांदूळ निवडत होते. तिनं पोटावर हात ठेवला होता, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

"मला 'काय गं' नको म्हणूस. तुला हाक मारतायत."

माझा हात सुपातच राहिला. बाहेर कोणी नव्हतं. चाळ पेंगलेली.

"रोज मारतात," जिजा म्हणाली. "आई, तू एकदा तरी ओ दे ना गं."